‘पुरवठा-साखळी’ कोणाच्या पायात?

गेल्या काही वर्षांत भांडवलदारी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर एका शब्दाने ठाण मांडले आहे : ‘पुरवठा-साखळी’. कारखान्याला कच्चा माल मिळाला नाही, साखळी तुटली. पेरणीच्या तोंडावर खत आले नाही, साखळी विस्कळीत झाली. तेलाचे, डाळींचे भाव चढले, साखळीवर ताण आला. जणू काही ही साखळी म्हणजे मोसमी वाऱ्यांसारखी एक निसर्गशक्ती आहे. ती लहरीप्रमाणे चालते किंवा थांबते, आणि माणसाने फक्त तिची कृपा भाकावी!

इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे असल्यामुळे हा शब्द त्याला दररोज भेटतो. प्रत्येक वेळी एक गोष्ट जाणवते. मराठीत ‘साखळी’ला दोन अर्थ आहेत. कडीत कडी गुंतवून होते ती साखळी; आणि कैद्याच्या पायात ठोकतात तीही साखळीच. अर्थतज्ज्ञ आपल्याला पहिला अर्थ शिकवतात. दुसऱ्या अर्थाचा अनुभव कामगार, शेतकरी आणि खलाशी घेतात. या लेखाचा विषय हा दुसरा अर्थ आहे.

जगाच्या व्यापारापैकी वजनाने ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. उद्योगधंद्यांच्या या साऱ्या साखळीचा कणा म्हणजे आंतरराष्ट्रीय मालवाहतूक होय, याबद्दल वाद नाही. वाद पुढच्या प्रश्नाबद्दल आहे. हा कणा कोणाच्या मालकीचा? तो कोणाच्या श्रमावर उभा आहे? आणि त्याच्या भाड्याचे दर कोण ठरवतो? सरकारी प्रवक्ते आणि उद्योगपतींच्या संघटना सांगतात, की वाहतूक ही व्यापाराची तटस्थ सेविका आहे. ती जितकी खाजगी आणि ‘कार्यक्षम’, तितके सर्वांचे कल्याण. हा दावा तपासून पाहिला पाहिजे.

वाहतूक उत्पादनाचाच भाग

मार्क्सने ‘भांडवल’च्या दुसऱ्या खंडात वाहतुकीचा विचार केला आहे. मालाची निव्वळ खरेदी-विक्री नवे मूल्य निर्माण करीत नाही; परंतु माल उपभोगाच्या जागी नेऊन पोचवणे हे उत्पादनप्रक्रियेचे पुढचे पाऊल आहे, आणि त्यात खपणारे श्रम मूल्यात भर घालतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. याचा अर्थ सरळ आहे. सुरतेच्या मागावर कापड विणणारा कामगार आणि तेच कापड घेऊन जाणाऱ्या जहाजाच्या इंजिनघरात राबणारा खलाशी हे एकाच मालाचे उत्पादक आहेत. दोघांच्याही श्रमातून अतिरिक्त मूल्य काढले जाते.

दुसरी गोष्ट वेळेची. माल वाटेत असेपर्यंत भांडवल अडकलेले असते. ते जितक्या लवकर मोकळे होईल तितक्या वेळा ते नफा मिळवण्यासाठी पुन्हा फिरते. म्हणून वाहतुकीचा वेळ कमी करण्याची भांडवलाला अनावर ओढ असते. हा वेळ यंत्राने कमी होतो, तसाच माणसाची झोप, सुट्टी आणि सुरक्षितता कापूनही होतो. मालकाच्या हिशेबात या दोहोंची नोंद एकाच रकान्यात होते.

परिषदांपासून आघाड्यांपर्यंत

खुल्या स्पर्धेची पोथी वाचणाऱ्यांनी सागरी वाहतुकीचा इतिहास एकदा चाळावा. मालाच्या भाड्याचे दर संगनमताने ठरवणारी जगातली पहिली ‘कॉन्फरन्स’ १८७५ साली जन्मली, आणि तिचे नावच कलकत्ता कॉन्फरन्स होते. ब्रिटिश जहाजकंपन्यांनी इंग्लंड-कलकत्ता मार्गावरील दर आपसात बांधून घेतले. जो व्यापारी आपला सर्व माल त्यांच्याच जहाजांतून पाठवील त्याला काही काळाने भाड्यातील सूट परत मिळे. एकदा जरी परक्या जहाजाकडे वळला, तर साठलेली सारी सूट बुडे. गुलामगिरीचा हा दस्तऐवज ‘व्यापारी शिस्त’ म्हणून मिरवला गेला.

या मक्तेदारीला ज्यांनी आव्हान दिले त्यांचे काय झाले? १९०६ साली तुतिकोरीन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी जहाजकंपनी काढली. ब्रिटिश इंडिया कंपनीने उतारूंचे भाडे पाडत पाडत फुकट प्रवासापर्यंत आणले. तेवढ्याने भागेना, तेव्हा १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला, आणि ज्याने समुद्रावर जहाजे चालवली त्या माणसाला तुरुंगात तेलाचा घाणा ओढावा लागला. पुढे वालचंद हिराचंद प्रभृतींच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. दरयुद्धाचा वरवंटा तिच्यावरही फिरला आणि अखेर तिला किनारी व्यापाराच्या कुंपणात राहण्याचा करार पत्करावा लागला. वालचंद हे भांडवलदार होते आणि त्यांचा झगडा भांडवलदाराचा होता, हे आपण विसरत नाही. पण साम्राज्यशाहीच्या राज्यात ‘खुली स्पर्धा’ देशी भांडवलालादेखील कशी वागवते, याचा तो पुरावा आहे.

लेनिनने ‘साम्राज्यशाही’ या ग्रंथात जगाची वाटणी करून घेणाऱ्या मक्तेदार संघांची उदाहरणे देताना जहाजधंद्याची नोंद घेतली आहे. हॅम्बुर्ग-अमेरिका आणि उत्तर जर्मन लॉइड या दोन जर्मन कंपन्यांनी १९०३ मध्ये अमेरिकन-ब्रिटिश जहाज-ट्रस्टशी वीस वर्षांचा करार करून बंदरे वाटून घेतली होती. त्याच दोन जर्मन कंपन्या १९७० मध्ये एक झाल्या. तिचे नाव हापाग-लॉइड. ही हापाग-लॉइड आणि डेन्मार्कची मर्स्क यांनी फेब्रुवारी २०२५ पासून ‘जेमिनी’ नावाची संयुक्त सेवा सुरू केली. सव्वाशे वर्षे लोटली, दोन महायुद्धे होऊन गेली, वसाहती स्वतंत्र झाल्या. आणि करारनाम्यावर एका पक्षाचे नाव अजून तेच आहे! आज जगातील कंटेनर-जहाजांच्या एकूण क्षमतेपैकी चार-पंचमांशांहून अधिक वाटा पहिल्या दहा कंपन्यांच्या हाती आहे.

लोखंडी पेटीचा इतिहास

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेच्या नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. कंटेनरयुगाची ही सुरुवात मानली जाते. सुट्या मालाची चढाई करायला टनामागे सहा डॉलरच्या आसपास खर्च येई. पेटीबंद मालाचा खर्च सोळा सेंटांच्या आत आला. ही मानवी बुद्धीची आणि श्रमाची कमाई आहे, तिचा तिरस्कार करण्याचे कारण नाही.

पण या पेटीने महासागर ओलांडून जगभर हातपाय पसरले ते कोणत्या वाटेने? अमेरिकन साम्राज्यशाहीला व्हिएतनाममध्ये पाच लाखांची फौज पोसायची होती आणि तिथली बंदरे तुंबली होती. १९६७ पासून सी-लँड कंपनीच्या कंटेनरांनी काम रान्ह उपसागरात लष्करी रसद उतरवायला सुरुवात केली. जाताना भाडे लष्कराने भरलेलेच होते; परतीच्या रिकाम्या जहाजांत जपानचा माल भरला की तो निव्वळ नफा. आज जिला जागतिक व्यापाराची जीवनवाहिनी म्हणतात, तिच्या प्रशांत महासागरातील मार्गाची पायाभरणी व्हिएतनामच्या जनतेवर लादलेल्या युद्धाच्या खर्चातून झाली.

गोदी कामगारांना या पेटीचा अर्थ लगेच कळला. लंडनमध्ये गोदीबाहेरच्या डेपोंत कमी मजुरीवर कंटेनर भरण्याचे काम हलवले जात होते. त्याविरुद्ध निदर्शने केल्याबद्दल जुलै १९७२ मध्ये पाच गोदी कामगारांना पेंटनव्हिलच्या तुरुंगात टाकण्यात आले. आणि देशभर संपाची लाट उसळताच काही दिवसांत सोडावे लागले. आपल्याकडे गोदी कामगाराला माणूस म्हणून उभे राहण्यासाठी याहून मोठी किंमत मोजावी लागली होती. कोचीच्या मट्टनचेरीत ‘चाप्पा’ पद्धत होती. मुकादम धातूचे बिल्ले गर्दीवर भिरकावी. ज्याच्या हाती बिल्ला लागेल त्याला त्या दिवशी काम. सकाळी पोटासाठी भावाने भावाला तुडवायचे, आणि त्याला कामवाटप म्हणायचे! सप्टेंबर १९५३ मध्ये या पद्धतीविरुद्धच्या लढ्यात गोळीबार झाला, कामगारांनी प्राण दिले. १९४८ चा गोदी कामगार रोजगार नियमन कायदा, नोंदणी, हजेरीवेतन, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी कोणा दयाळू मालकाने दिलेल्या नाहीत. मुंबईत पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या नेतृत्वाखाली आणि कलकत्ता, मद्रास, कोचीच्या गोद्यांत हजारो अनामिकांच्या बळावर त्या मिळवलेल्या आहेत.

पेटीने गोदीतले ओझे हलके केले. ते श्रम वाचल्याचा लाभ कामाचे तास कमी करण्यात आणि वेतन वाढवण्यात गेला असता, तर कामगाराने पेटीला ओवाळले असते. तसे झाले नाही. काम गोदीच्या फाटकाबाहेर, कंत्राटदाराच्या गोदामात गेले. आणि तिथे, नाव बदलून, चाप्पा पुन्हा उगवला.

संकट जनतेचे, सुगी मालकांची

२०१६ च्या ऑगस्टअखेर दक्षिण कोरियाची हानजिन ही जगातली सातव्या क्रमांकाची कंटेनर कंपनी दिवाळखोरीत गेली. बंदरांचे पैसे कोण देणार, या शंकेने तिची जहाजे बंदराबाहेर ताटकळत ठेवली गेली. आत अब्जावधी डॉलरचा माल आणि उपासमारीच्या भीतीने धास्तावलेले खलाशी. गरजेपेक्षा कितीतरी अधिक जहाजे बांधून एकमेकांचे गळे कापण्याचा हा परिणाम होता. भांडवली उत्पादनातील अराजकाचे दुसरे वर्णन करण्याची गरज नाही. त्यातून वाचलेल्यांनी धडा घेतला तो संगनमताचा : जहाजे एकत्र चालवा, मागणी घटली की फेऱ्या रद्द करा, दर पडू देऊ नका.

मग आली महामारी. चाळीस फुटी कंटेनरचे जागतिक सरासरी भाडे २०१९ मध्ये दीड हजार डॉलरच्या आसपास होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ते दहा हजारांच्या वर गेले. भारतीय निर्यातदार रिकाम्या पेटीसाठी आठवडेच्या आठवडे थांबत होते. मर्स्क कंपनीचा निव्वळ नफा २०२१ मध्ये १८ अब्ज डॉलर आणि २०२२ मध्ये २९ अब्ज डॉलरच्या वर गेला. त्याच काळात, २०२० च्या अखेरीस, सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. कोणी वर्षभर, कोणी त्याहून अधिक. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २०२१ च्या अहवालात इशारा दिला, की हे दर असेच राहिले तर जगभरचे ग्राहकमूल्य दीड टक्क्याने चढेल. छोट्या बेटराष्ट्रांत साडेसात टक्क्यांनी. म्हणजे सर्वांत गरिबाने सर्वांत जास्त भरायचे.

येथे आपले विरोधक म्हणतात : “दर चढले ते महामारीमुळे, मालकांचा त्यात काय दोष?” महामारीने तुटवडा निर्माण केला, हे आम्ही नाकारीत नाही. पण तुटवड्याचे रूपांतर खंडणीत करायला मक्तेदारी लागते. दुष्काळ पाऊस न पडल्याने येतो. धान्य दडवून ठेवणारा सावकार मात्र पावसाबरोबर आकाशातून पडत नाही. खुद्द युरोपीय संघाने जहाजकंपन्यांच्या गटांना स्पर्धाविषयक कायद्यातून वर्षानुवर्षे सूट दिली होती. या अनुभवानंतर २५ एप्रिल २०२४ रोजी ती संपुष्टात येऊ द्यावी लागली. भांडवलदारांच्या स्वतःच्या संस्थेलाही जे पुढे रेटणे अशक्य झाले, त्याची वकिली आपल्याकडचे विद्वान अजून करतात!

झेंडा एकाचा, नफा दुसऱ्याचा, मरण तिसऱ्याचे

२५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज कोचीजवळच्या समुद्रात बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते; १३ मध्ये घातक माल होता. केरळच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या दाण्यांचा खच पडला, ऐन हंगामात कोळ्यांची जाळी कोरडी राहिली. हे जहाज कोणाचे? झेंडा लायबेरियाचा. चालवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय जिनिव्हात, जिथे समुद्र नाही. कप्तान रशियन, बहुतेक खलाशी फिलिपाइन्सचे. नुकसान मात्र अस्सल केरळी. राज्य सरकारने ९,५३१ कोटी रुपयांचा दावा उच्च न्यायालयात लावला.

याला ‘सोयीचा झेंडा’ म्हणतात. लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटे या तीन नोंदण्यांखाली जगातील जहाजांच्या क्षमतेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भाग आहे. कोणाची सोय? कर चुकवणाऱ्याची, कामगार कायदा टाळणाऱ्याची, अपघातानंतर जबाबदारी झटकणाऱ्याची. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ (आय. टी. एफ.) १९४८ पासून या पद्धतीविरुद्ध लढत आहे. त्याच्या नोंदीनुसार २०२४ साली मालकांनी ३१२ जहाजे वाऱ्यावर सोडली. त्यांवर ३,१३३ खलाशी पगार, अन्न, परतीचे तिकीट यांविना अडकले. यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती : ८९९. पूर्वी गोऱ्यांच्या बोटींवर रत्नागिरीचे खलाशी आणि गोव्याचे तारवटी गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या एका तुकड्यावर राबत. आज त्यांची नातवंडे भरतीच्या दलालाला लाखो रुपये मोजून त्याच समुद्रात जातात. भारताने सागरी श्रमविषयक आंतरराष्ट्रीय करार २०१५ मध्ये मान्य केला. पण करार कागदावर आणि दलाल बंदरावर, अशी स्थिती आहे.

आणखी एक उदाहरण. १७ मार्च २०२२ रोजी पी अँड ओ फेरीज या ब्रिटिश कंपनीने चित्रफितीवरच्या संदेशाने ७८६ खलाशांना एका दिवसात काढून टाकले. त्यांच्या जागी आणलेल्या नोकरवर्गाचे सरासरी वेतन ताशी साडेपाच पौंड असेल, आणि कामगार संघटनांशी सल्लामसलत करण्याचा कायदा आपण जाणूनबुजून मोडला, अशी कबुली कंपनीच्या प्रमुखाने संसदीय समितीपुढे दिली. ब्रिटनमधील किमान वेतन तेव्हा ८ पौंड ९१ पेन्स होते. या कंपनीचा मालक कोण? दुबईची डीपी वर्ल्ड. तीच, जी आपल्या न्हावा-शेवा बंदरात टर्मिनल चालवते. तेव्हा इंग्लिश खाडीतला प्रश्न उरणच्या खाडीतला नाही, असे कोणी समजू नये.

जहाजाचा शेवटही याच रीतीने होतो. म्हातारे जहाज हातोहात विकून, झेंडा बदलून गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर चढवले जाते. ओरिसा, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडमधून आलेले मजूर ते हातांनी तोडतात. साखळीची शेवटची कडी अशी भट्टीत जाते. तिच्याबरोबर कोणाचा हात, कोणाचे आयुष्यही.

शरणागतीची पन्नास नव्हे, पस्तीस वर्षे

२० सप्टेंबर २०२५ रोजी भावनगर येथे पंतप्रधानांनी जाहीर केले, की पन्नास वर्षांपूर्वी भारताच्या व्यापारापैकी ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जाई, आता तो वाटा ५ टक्क्यांवर आला आहे. आणि परकीय जहाजकंपन्यांना देश दरवर्षी सुमारे सहा लाख कोटी रुपये भाडे भरतो, जवळजवळ संरक्षण खर्चाएवढे. दोष त्यांनी जुन्या परवाना-राजवटीवर टाकला.

आकडे आम्ही स्वीकारतो. निदान मात्र खोटे आहे. भारतीय जहाजांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे ज्या परवाना-राजवटीला शिव्या दिल्या जातात तिच्या ऐन शेवटी! तो कोसळला १९९१ नंतर, उदारीकरणाच्या वर्षांत; आणि २०१८-१९ पर्यंत आठ टक्क्यांच्या आसपास आला. रोगी औषधाने बरा होत होता की औषध बंद केल्यावर खालावला, हे पाहायला वैद्य व्हावे लागत नाही.

ते औषध काय होते? २ ऑक्टोबर १९६१ रोजी दोन सरकारी कंपन्या एकत्र करून शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी राहिली. सरकारी माल आणताना तो विक्रेत्याच्या बंदरावर ताब्यात घ्यायचा आणि जहाज आपण ठरवायचे, असा दंडक होता. दिसायला ही किरकोळ कारकुनी बाब; पण सागरी वाहतुकीचे सारे मर्म तिच्यात आहे. ‘सीआयएफ’ पद्धतीने, म्हणजे भाडे आणि विमा किमतीत धरून माल आणला, की जहाज विक्रेता निवडतो. निर्यातीत ‘एफओबी’ पद्धतीने माल आपल्या बंदरातच सोपवला, की जहाज खरेदीदार निवडतो. आज बहुतांश भारतीय व्यापार याच उलट्या रीतीने चालतो : येतानाही जहाज त्यांचे, जातानाही त्यांचेच. जागतिक पातळीवर १९७४ च्या संयुक्त राष्ट्रसंहितेने मालाचा ४० टक्के वाटा निर्यातदार देशाच्या, ४० टक्के आयातदार देशाच्या आणि २० टक्के इतरांच्या जहाजांना, हे तत्त्व मांडले होते. नवस्वतंत्र देशांनी मिळवलेला तो एक विजय होता. धनिक राष्ट्रांनी तो कुजवला, आणि आपल्या राज्यकर्त्यांनी त्यासाठी बोटही उचलले नाही.

उलट, नोव्हेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने शिपिंग कॉर्पोरेशनमधील सरकारचा सारा हिस्सा विकायला तत्त्वतः मंजुरी दिली. एका हाताने घराचे दार विकायला काढायचे आणि दुसऱ्या हाताने चोरीबद्दल ऊर बडवायचा! सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर झाली. जहाजे देशात बांधली जावीत, या मागणीशी आमचा वाद नाही. ती आमचीच मागणी आहे. वाद मालकीचा आहे. जनतेच्या पैशातून जहाजे उभी राहणार असतील, तर ती खाजगी मक्तेदारांच्या ताफ्यात का जावीत? परक्या सावकाराच्या जागी देशी सावकार बसला, तर कर्जदाराचा काय उद्धार झाला?

न्हावा-शेवा ते वाढवण

बंदरांच्या बाबतीत हाच क्रम आहे. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सार्वजनिक पैशाने सुरू झाले. त्याच्या पायाखाली उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांची, आगरी-कोळ्यांची मिठागरे, भातशेती आणि खाड्या आहेत. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उठलेल्या लढ्यावर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्यांच्या रक्ताने लिहिले गेले. शेव्याच्या कोळ्यांना उठवून जिथे बसवले त्या हनुमान कोळीवाड्याची घरे वाळवीने पोखरली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. अशी किंमत देऊन उभारलेल्या बंदरात १९९९ मध्ये पहिले खाजगी टर्मिनल सुरू झाले, आणि २०२२ मध्ये बंदराचे स्वतःचे टर्मिनलही खाजगी हाती गेले. सार्वजनिक संस्था आता फक्त ‘जमीनमालक’ उरली आहे! २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने याच घरमालकीला देशाचे धोरण बनवले.

डहाणूजवळच्या वाढवण येथे १९९० च्या दशकात परकीय कंपनीच्या बंदराचा घाट घातला गेला, तेव्हा डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये तो रोखला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये संमती दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६,२२० कोटींच्या बंदराची कोनशिला बसली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव टाकायचा आहे. कोळी आणि आदिवासी विरोध करतात, तेव्हा त्यांना विकासाचे शत्रू ठरवले जाते. न्हावा-शेव्याचा हिशेब आधी चुकता करा, मग वाढवणची भाषा बोला, एवढेच ते सांगत आहेत.

एका आक्षेपाला उत्तर

आपल्याच काही मित्रांच्या मनात शंका येते. खाजगी टर्मिनलांत जहाजे लवकर सुटतात, हे खरे नाही काय? मग कार्यक्षमतेला विरोध कसा करायचा?

कार्यक्षमतेला विरोध नाहीच. पण कार्यक्षमता मोजायची कोणाच्या घड्याळाने? जहाजाचे तास मोजले जातात. बंदराबाहेर रांगेत ट्रेलरच्या केबिनमध्ये रात्र काढणाऱ्या चालकाचे तास कोणी मोजत नाही; त्याचा वेळ फुकट आहे, म्हणून जहाजाचा वेळ वाचतो. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराचे उदाहरण घ्या. २०२३ च्या अखेरीपासून गाझातील संहारामुळे तांबड्या समुद्राचा मार्ग धोक्यात आला आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. २०२४ च्या हंगामात युरोपला जाणारी द्राक्षे कित्येक दिवस उशिरा पोचली, भाडे वाढले. ते कोणाच्या खिशातून गेले? युरोपातल्या दुकानसाखळीने भाव बांधलेला, जहाजकंपनीने भाडे बांधलेले. बांधलेला नव्हता तो फक्त शेतकऱ्याचा भाव. साखळी ताणली, की तिची धार सर्वांत दुर्बळ मनगटात रुतते.

आपले काम

येथे आत्मपरीक्षणही केले पाहिजे. आपल्या संघटनांनी गोदीच्या फाटकाच्या आतला कायम कामगार चांगला बांधला. फाटकाबाहेरचा कंत्राटी हमाल, गोदामातली मुलगी, ट्रेलरचालक आणि दलालाने पाठवलेला खलाशी यांच्यापर्यंत आपण उशिरा आणि थोडे पोचलो. मालकांनी साखळी एक केली आणि आपण मात्र कड्या मोजत बसलो. इंदूरचा, नागपूरचा, हैदराबादचा किंवा लुधियानाचा वाचक म्हणेल, आमच्याकडे समुद्र कुठे आहे? समुद्र त्याच्या दारात आला आहे. जिथे कंटेनर डेपो आहे, तिथे बंदर आहे. आणि जिथे बंदर आहे, तिथे गोदी कामगारांची चळवळ असली पाहिजे.

हे अशक्य नाही. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत भारतीय खलाशी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य चिरडायला निघालेल्या डच जहाजांवरून खाली उतरले होते. स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना त्यांनी दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी पगार सोडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतातील जलवाहतूक कामगारांच्या महासंघाने जाहीर केले, की पॅलेस्टाइनवर वापरण्यासाठी इस्रायलला जाणारी शस्त्रे आम्ही हाताळणार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाबंदरांतील कामगारांनी देशव्यापी संपाची तयारी करताच, संपाच्या आदल्या दिवशी वेतनकराराला मान्यता द्यावी लागली. साखळी चालवणारा हातच ती थांबवू शकतो.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शिपिंग कॉर्पोरेशनची विक्री कायमची रद्द करून तिचा ताफा वाढवा. सरकारी व सार्वजनिक क्षेत्राचा माल प्रथम तिच्या जहाजांना द्या. भाड्याच्या दरांवर आणि बंदराबाहेरच्या नानाविध आकारांवर सार्वजनिक नियंत्रण आणा. बंदराच्या साखळीतील प्रत्येक कंत्राटी कामगाराला, मग तो फाटकाच्या कोणत्याही बाजूस असो, गोदी कामगाराचे वेतन आणि संरक्षण द्या. खलाशाला वाऱ्यावर सोडणाऱ्या मालकाची जहाजे भारतीय बंदरांत अडवून ठेवा आणि पैसे उकळणाऱ्या दलालांवर खटले भरा. विस्थापितांचा हिशेब पूर्ण झाल्याशिवाय किनाऱ्यावर नवा दगड बसवू नका.

यातली एकही मागणी क्रांती नव्हे, हे आम्ही जाणतो. पण त्यांतील प्रत्येकीसाठी लढताना कारखान्यातला कामगार, द्राक्षाच्या मळ्यातला शेतकरी, ट्रेलरचा चालक आणि समुद्रावरचा खलाशी एकमेकांना ओळखू लागतील. मालकांनी त्यांना एकाच साखळीत गुंफले आहे, ते त्यांच्याच सोयीसाठी. त्या गुंफणीतून एकजूट उभी करणे हे आपले काम आहे. आणि ती उभी राहील त्या दिवशी साखळीचा दुसरा अर्थ शब्दकोशापुरता उरेल.